वकीलसाहेबांची अर्धी मिशी

उभी हयात गेली हजामतीच्या धंद्यात, पण माझ्या खुर्चीत बसून मला कुणी गंडवून गेलेलं नाही!… बरं, एक जण गेला. बरं बाबा, दर आठवड्याला जातो! वकील आहे माझा, झालं समाधान? हसू नका! तुम्हाला सांगतो, दुकानाच्या मालकाला जावयासाठी गाळा हवाय, मला म्हणतो चालते व्हा, मी म्हटलं, होतोय कसला चालता, आणि केला वकील. फी विचारली तर असा गोड हसला, असा गोड, की मला वाटलं फुकटच लढतोय! "फी ठरलेली आहे काका, काळजीच नको." नाही केली. मग मालकाच्या नोटिशीला उत्तर लिहिलं, त्याचे पैसे मागितले. "ते वेगळं." टायपिंग? "ते वेगळं." अहो, एकदा कोर्टात गेलो, कुणी तोंड उघडलं नाही, पुढची तारीख पडली, बाकावरून उठलो आणि घरी आलो, त्याचे कसले पैसे? "मी हजर होतो ना! ते वेगळं." बरं, माणुसकी म्हणून फोन केला, साहेब, जेवलात का? तर त्याचेही लावले, फोनवरचा सल्ला म्हणून! तुम्हीच सांगा, सल्ला कुणी कुणाला दिला?

तर आज सकाळी स्वारी दाढीला हजर. आजच कोर्टात माझ्या केसचा शेवटचा युक्तिवाद, साहेबांना चकाचक दिसायचं होतं. "दाढी करा काका, आणि मिशीही उडवा, बायको मागे लागलीये." मी म्हटलं, आता सापडलात! केला फेस. "फेस वेगळा बरं का साहेब." त्यांनी डोळे वटारले. उजवा गाल झाला. "आणि डावा?" म्हटलं, "तो वेगळा!" मान वळवून आरशात बघायला लागले… "बघणं वेगळं!" आहाहा, काय मजा आली म्हणून सांगू! मग मिशीची उजवी बाजू सर्रकन उडवली, वस्तरा पुसला, ठेवला बाजूला आणि टॉवेल झटकला. "अहो, आणि ही?" "तिला पुढची तारीख!" बाकावरची गिऱ्हाइकं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली.

मला वाटलं, आता हात जोडणार, निदान त्या फोनचे तरी सोडणार. तर कसलं काय! उठले, शांतपणे काळा कोट चढवला, फाईल काखेत मारली आणि निघाले. आता मात्र माझी तंतरली. "अहो साहेब, चेष्टा केली हो! बसा, पुरी करतो, फुकट करतो!" असं ओरडत मी भर रस्त्यात मागे, हातात उघडा वस्तरा… लोक काय समजले असतील! कोपऱ्यावर थांबले, वळले, आणि तेच, तेच ते गोड हसू…

"राहू द्या काका. असाच उभा राहतो न्यायाधीशांसमोर. माझं तोंड बघून त्यांनाच ठरवू दे, हे दुकान चालू राहावं की नाही."