फांदी नसलेला साग

कलमाला मरण नाही, असं आमचे साहेब म्हणायचे, आणि पाहुणे असले की दोनदा म्हणायचे. मी कुडाळकडची, आमच्याकडे आंब्याची कलमं बांधतात, त्यातली किती वाळून जातात ते मला ठाऊक, पण मी कशाला बोलू.

लग्न होऊन बोरीवलीला आले, नॅशनल पार्कच्या कडेच्या चाळीत. हे गिरणीत होते, मग संपात गिरणी गेली ती गेलीच. चाळीमागे एका लाकडाच्या कंपनीची नर्सरी होती, तिथे आम्ही दोघंही लागलो. काम काय सांगू तुम्हाला, जंगलातला सगळ्यात चांगला साग शोधायचा, त्याच्या शेंड्याच्या काड्या आणून आमच्या रोपांवर बांधायच्या, म्हणजे जमीनवाल्यांना तसलीच झाडं आणि कंपनीला तसलंच लाकूड. स्थळ बघावं तसं झाड बघायचे साहेब लोक. सरळ हवं, रोग नको, आणि खाली फांदी अजिबात नको, फांदी आली की फळीला गाठ येते.

काड्या काढायला हे चढायचे. गावी माडावर चढलेले ना, पायात दोर अडकवून. साहेब म्हणाले कंबरेला पण दोर बांधा, तर हे म्हणाले, माडाला तरी कुठे फांदी असते साहेब. पण माड कवेत मावतो हो. तो साग मावला नाही. उतरताना हात सुटला आणि धरायला काही नव्हतं, म्हणून तर ते झाड निवडलेलं. खांद्याला काड्यांची पिशवी तशीच होती.

कुणीतरी त्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या. सुतक फिटेपर्यंत काही टिकणार नव्हत्या, म्हणून मी तिसऱ्याच दिवशी निघाले. दीर दारात आडवे आले, वयनी, सुतकात झाडाक हात लावतत काय? त्यात कलम बांधायला सवाष्णीचा हात लागतो, असं आमच्याकडे मानतात. मी म्हटलं, भावजी, त्यांच्या हातचं शेवटचं आहे ते, सुकू देऊ? ते बाजूला झाले. नर्सरीतल्या बायकांनी पण सरकून जागा दिली. बांधताना पट्टी भिजत होती, दुसरं काय.

कलमं धरली. सगळी नाही, पण धरली. रोज सकाळी बघायची, पान फुटलं की हळूच म्हणायची, उठलात?

मोठी झाली तसा वाटपासाठी मंडप घातला, जमीनवाले मोटारींतून आले, साहेब कलमाला मरण नाही म्हणाले, दोनदा. मी एक मागितलं. साहेब वाईट नव्हते, खाली बघून म्हणाले, बाई, लावणार कुठे? ते पण खरंच. आमची जमीन म्हणजे दारातल्या डब्यातली तुळस. सगळी गेली, कुठे कुठे. चांगली वाढत असतील, सरळ, खाली फांदी नाही. त्यांच्यावर पण उद्या कुणीतरी चढेल, देवा, त्याला सांभाळ.

मी अजून तिथेच बांधते. आता कंपनीनं शिडी घेतलीय. साध्या सागाला पहिली फांदी असते ना, तिथपर्यंत पोचते.