नवा चिमटा

...आणि वर तो गयास मिस्त्री मलाच म्हणतो, चाचा, गाडीत खोट नाय, तुमचा हात बघा. माझा हात! ज्या हातानं पस्तीस वर्षं कारखान्यात प्रेस चालवली अन् धाच्या धा बोटं घरी आणली, तो हात! आता ह्यात माझी काय चूक, तुम्हीच सांगा.

मी उगं बोलणारा माणूस नाय. बजाजनगरात कुणालाबी ईचारा, कडुबा मोजकं बोलतो. पण ह्या गाडीचं निघालं की राहवत नाय. माझा डावा पाय लहानपणीच वाळला, म्हणून मोटारसायकलला मागं दोन चाकं जोडून घेतली. पुढच्या चाकाला दोन्हीकडून धरून ठेवतो तो चिमटा अकरा वर्षांमागं एका खड्ड्यात जरा वाकला. गाडी डावीकडं ओढायला लागली. मी काय केलं? हँडल उजवीकडं दाबून धरलं, संपलं. अकरा वर्षं धरलं. शिंपी म्हणायचा, आबा, तुमचा उजवा खांदा चढलाय. मी म्हणायचो, तू कापड काप. आमची मनकर्णाबाई अकरा वर्षं मागं बसली, हूं नाय का चूं नाय.

यंदा चिमट्याला चीर गेली. पडेगावला गयासकडं गेलो, नवा चिमटा टाकला, हँडलच्या नळीतले छर्रे, म्हंजे बेअरिंगच्या गोळ्याबी नव्या टाकल्या. गाडी कशी चालावी? सरळ. आणि ही चालली कुठं? उजवीकडं! म्हंजे समोरून येणाऱ्याच्या अंगावर! त्याच दिवशी मनकर्णाला घेऊन दौलताबादला मेव्हण्याकडं निघालो, तर शरणापूर फाट्यावर समोर उसाचा ट्रॅक्टर, अन् आमची गाडी अशी त्याच्याकडं... जणू सोयरीक करायलाच निघाली. मी कसाबसा ब्रेक दाबला. मनकर्णा उतरली, पदर खोचला, काळीपिवळीला हात केला अन् म्हणाली, "तुम्ही या सावकाश." चाळीस वर्षांत ती माझ्या गाडीवरून मधीच उतरली नव्हती हो! आता ह्यात माझी काय चूक?

तिथं मेव्हणा, अप्पाराव. त्याच्या नातीचा, दीपमालाचा, साखरपुडा त्याच रविवारी होता. तो गोड आवाज काढून म्हणतो, "दाजी, अक्कासाठी मी कार पाठवतो. तुमीबी बसा की." तुमीबी बसा! मागच्या शीटवर, तिच्या पिशवीशेजारी! मी म्हणलं, आम्ही आमच्या गाडीनं येऊ. तर मनकर्णा सगळ्यांदेखत म्हणाली, "गाडी सरळ चालली तर तुमच्या मागं, नाय तर कारमधी."

झालं, लागलो गयासच्या मागं. त्यानं हँडल आवळलं, तर ते जात्यासारखं जड झालं, फिरेना. सैल केलं, तर म्हाताऱ्याच्या मानेगत लटलट हलाया लागलं. मग मधलं माप काढलं, तर पुन्हा आपली उजवीकडं. तिसऱ्या खेपेला त्यानं दोरी घेतली, पुढच्या चाकापासून मागच्या दोन्ही चाकांपर्यंत ताणून दाखवली. दोन्हीकडं सारखी. मी म्हणलं, दोरी खोटी. त्यानं दुसरी दोरी आणली. मी म्हणलं, जमीन उतरती हाय तुझी. त्यानं डोक्याला हात लावला अन् म्हणाला, "चाचा, आता फक्त आभाळ ऱ्हायलं."

शनिवारी मी मनकर्णालाच साक्षीला नेलं. मी गाडीवर, ती मागनं रिक्षात. म्हणलं, हिच्यासमोर ह्याचं पितळ उघडं पाडतो. तेवढ्यात गयासची बायको मेहरुन्निसा स्कूटीवर त्याचा डबा घेऊन आली. गयास तिला म्हणाला, "जरा चाचाची गाडी नाक्यापर्यंत नेऊन आण." मी गालात हसलो. म्हणलं, जाऊ द्या, आत्ता लोळती नालीत. अन् आमची मनकर्णा काय करती? जी माझ्या मागं बसंना, ती उठून मेहरुन्निसाच्या मागं बसली!

गेल्या दोघी. रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्याला धरून, ओळंबा सोडल्यावानी सरळ. परत यायला अर्धा तास लागला, मला वाटलं पडल्या कुठं. पडतात कसल्या? येताना मेथीच्या दोन जुड्या घेऊन आल्या. बोलत बोलत. मेहरुन्निसाचा एक हात तर बोलण्यातच गुंतलेला.

 गयासनं नुसतं माझ्या उजव्या खांद्याकडं बघितलं. तुम्हाला सांगतो, तसं बघण्यापरीस त्यानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मी हळूच ईचारलं, "जुना चिमटा हाय का रे? तोच टाक." तो म्हणाला, "नक्को चाचा, त्याला चीर हाय, जीव जाईल. त्यापेक्षा तुम्ही हात सैल सोडायला शिका." शिका! सत्तरीत!  तेव्हा मनकर्णा मेथी निवडता निवडता बोलली.

"गयासभाऊ, हँडलच वाकडं बसवा. माणूस सरळ व्हायची वाट मी चाळीस वर्षं बघितली, ह्यांचं जमायचं नाय."

त्यानं नट ढिले केले, हँडल दोन बोटं उजवीकडं वाकडं बसवलं, म्हंजे मी दाबलं तरी चाक सरळच, अन् पुन्हा आवळलं. धा मिन्टांचं काम.

रविवारी मनकर्णा मागं बसली. फाटा ओलांडला, गाडी सरळ, तीरासारखी. अप्पारावची कार दारातच उभी ऱ्हायली. त्यानं सारं कौतुकानं बघितलं अन् म्हणाला, दाजी, मीबी एक चक्कर मारतो. मी काय बोलायच्या आत गेला... अन् थेट डावीकडं मांडवात घुसला, जिलब्यांच्या परातीवर.

सगळे माझ्याकडं बघाया लागले. मी तोंड उघडलं, आता ह्यात माझी काय... अन् मनकर्णाकडं नजर गेली.

तोंड मिटलं. खाली बसून जिलब्या वेचल्या.