मी गेलो की अडकणारा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर माणूस बघून वागतो, असं मला एकदा खरंच वाटलं होतं यार. मुलुंडच्या नलूकाकू घरी लग्नपत्रिका डिझाइन करतात. त्यांचा कॉम्प्युटर मध्येच हँग व्हायचा, स्क्रीनवर हिरव्या रेघा यायच्या. मी जाऊन तासभर बसलो, एकदाही अडकला नाही. रॅम पुसली, केबल बदलली आणि माझ्या रिपेअरिंगच्या दुकानात परतलो. लगेच काकूंचा फोन.

"अरे, परत अडकला! संध्याकाळी पत्रिका छापायला द्यायचीय. नवरीचा बाप डोक्यावर बसलाय."

धावत गेलो, तर झकास चालू.

"तुला घाबरतो बघ," काकू म्हणाल्या. मला आजवर कुणीच घाबरलेलं नव्हतं.

मी निघालो, पण राहवेना. मी असताना आणि नसताना नेमकं बदलतं काय? जिन्यातूनच मागे वळलो. दार लोटलेलं होतं, आत डोकावलो. काकू चालू सीपीयूवर गोधडी पांघरत होत्या, चारी बाजूंनी नीट खोचून.

"काकू, अहो तापतो तो! हवा कुठून जाणार?"

"धूळ बसते रे. रोज घालते मी."

"मग मी आलो तेव्हा नव्हती ती?"

"फाटकी आहे ना. बाहेरचं माणूस आलं की काढून ठेवते."

गोधडी काढली, सीपीयू थंड होऊ दिला. पत्रिका वेळेत छापायला गेली. मी चपला घालत होतो, तेव्हा काकूंनी हळूच विचारलं, "थंडीत तरी घालू का रे?"