उमापूरकरांचा नारळ

आडनावाचा माज काय असतो, ते मला विचारा. आम्ही उमापूरकर, राहायला बीडला. उमापूर गाव आमच्याच घराण्याचं, असं मी जन्मभर सांगत आलो. मागच्या वर्षी पहिल्यांदाच तिथल्या जत्रेला गेलो आणि रांग मोडून देवळात घुसलो.

"पहिला नारळ आमचा. आम्ही उमापूरकर!"

माणसं हसली. पायरीवर एक म्हातारे धनगर बसले होते. ते म्हणाले, "पाव्हणं, हितं ऱ्हाणाऱ्याला उमापूरकर कोन म्हणंल? जो गाव सोडून गेला, त्यालाच भाईर ते नाव पडतं. तुमच्या आजाचं नाव काय?"

मी छाती काढून सांगितलं. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं.

"दुष्काळात गेलते ते."

"पोटासाठी गेले असतील," मी म्हणालो.

"जाऊ द्या की. पर आंधळी माय हितंच ठिवली. माज्या आईच्या हातची भाकर खाऊन मेली ती. रोज इचारायची, माजा लेक आला का?"

मी नारळ त्यांच्या हातात दिला. त्या माउलीचं नाव विचारायचं होतं. पण तिचा पणतू मी, ते परक्याला कोणत्या तोंडानं विचारणार?