बिलावर नाव चैतालीचं

सरोजिनी : परत वाचते, नीट ऐका. ग्राहकाचं नाव, श्रीमती चैताली अवधूत देवस्थळी. पत्ता, फ्लॅट सात, दुसरा मजला. आता फ्लॅट सातमध्ये कोण राहतं, एवढंच सांगा.

श्यामसुंदर : आपण राहतो.

सरोजिनी : आपण म्हणजे?

श्यामसुंदर : म्हणजे तू आणि मी. अगं, बिलं वाटणारे हल्ली कोणाचं कोणाच्या पेटीत टाकतात.

सरोजिनी : पेटी चुकली असती तर पत्ता तिच्या वरच्या फ्लॅट अकराचा असता. इथे पत्ता आपला, मीटर आपला, रीडिंग आपलं. फक्त बाई दुसरी.

श्यामसुंदर : चष्मा दे बघू.

सरोजिनी : घ्या. पण चष्म्याने नाव बदलत नाही. आणि मला काही हे आज कळलेलं नाही. मंगळवारीच शंका आली होती.

श्यामसुंदर : मंगळवारी काय झालं?

सरोजिनी : दुपारी लाइट गेली. तुम्ही घरी नव्हता. कुठे होता ते मी विचारत नाही.

श्यामसुंदर : चैतालीकडे गिझर दुरुस्त करायला माणूस येणार होता. तिला ऑफिस असतं, म्हणून वर जाऊन बसलो होतो. तुला सांगून गेलो होतो.

सरोजिनी : म्हणूनच विचारत नाही. तर, वीज बंद ठेवायचा गुरुवार नाही, शटडाउनचा मेसेज नाही, आणि लाइट गेलेली फक्त आपली. मी तक्रारीच्या नंबरवर फोन केला. तिकडची मुलगी म्हणाली, मॅडम, आपण चैताली देवस्थळी बोलताय ना? कनेक्शन त्यांच्या नावावर आहे, तक्रार त्यांनीच करायला हवी.

श्यामसुंदर : मग तू काय म्हणालीस?

सरोजिनी : फ्रीजमध्ये दोन लिटर दूध होतं. मी हो म्हणाले.

श्यामसुंदर : हो म्हणालीस?

सरोजिनी : माझ्याच स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाले, हो, मी चैताली. अर्ध्या तासात वायरमन हजर. चैतालीची कामं भराभर होतात हे मला माहीत होतं. आपण चैताली झालो की आपलीही होतात, हे नव्यानं कळलं.

श्यामसुंदर : हे बघ, तू लगेच टोकाला जाऊ नकोस.

सरोजिनी : मी कुठेच जात नाही. इथेच बसले आहे, डाळिंब सोलत. तुम्ही बोला.

श्यामसुंदर : तुला आठवतंय ना, तिचं कनेक्शन अजून अवधूतच्याच नावावर होतं. तो जाऊन दोन वर्षं झाली. सोसायटीनं तिच्या मागे लकडा लावला की नाव बदलून घ्या. तिला वेळ होत नव्हता. म्हटलं, दे कागद, मी ऑनलाइन अर्ज भरतो.

सरोजिनी : भरलात.

श्यामसुंदर : भरला. कागद तिचेच लावले. आधार तिचं, घराचा इंडेक्स टू तिचा, अवधूतचा मृत्यूचा दाखला. फक्त ग्राहक क्रमांक जो टाकायचा असतो ना, बारा आकडी...

सरोजिनी : तो?

श्यामसुंदर : तो बहुधा आपला टाकला.

सरोजिनी : बहुधा.

श्यामसुंदर : अगं, तीस वर्षं मी हे बिल भरतोय. तो नंबर मला तोंडपाठ आहे. रकाना समोर आला की बोटं आपोआप चालतात.

सरोजिनी : माझी प्रेशरची गोळी कुठली, ते तुम्हाला केमिस्टला फोन करून विचारावं लागतं. विजेचा नंबर मात्र बोटांत आहे.

श्यामसुंदर : टेलिफोन खात्यात नोकरी केलेला माणूस आहे मी. नंबर डोक्यात बसतात.

सरोजिनी : आणि त्यांचा तो ओटीपी? तो तुमच्याच फोनवर आला असेल. तेव्हाही काही वाटलं नाही?

श्यामसुंदर : मला वाटलं, काय तत्पर व्यवस्था आहे.

सरोजिनी : आहेच. एक शब्द न विचारता त्यांनी आपलं घर उजळायचं काम तिच्याकडे दिलं. किती दिवस लागले हो सगळ्याला?

श्यामसुंदर : चार.

सरोजिनी : चार दिवस. दारावर पाटी लावायची होती, तेव्हा मी म्हटलं होतं, माझंही नाव घाला. तुम्ही काय म्हणालात?

श्यामसुंदर : ते आता कशाला?

सरोजिनी : तुम्ही म्हणालात, पाटीवर ‘आगाशे’ लिहिलंय, त्यात तू आलीसच. तेव्हापासून मी त्यात आलेलीच आहे. पाटीत मी, पेपरच्या बिलात मी, गॅसच्या पुस्तकात मी, सगळीकडे न दिसता. आणि ती मात्र चार दिवसांत संपूर्ण नावानिशी. वर श्रीमती.

श्यामसुंदर : ती चूक आहे, सरोजिनी. चूक आणि मनात असणं यात फरक असतो.

सरोजिनी : असतो ना. मनात असतं तर तुम्हाला चाळीस वर्षं लागली असती.

श्यामसुंदर : मी आत्ता जातो वीजकंपनीच्या ऑफिसात. आजच्या आज सरळ करून आणतो.

सरोजिनी : जा. आणि येताना चैतालीला सांगा खाली यायला. सही व्हायची असेल तर माझ्यासमोर होऊ दे.

(त्याच दिवशी संध्याकाळी सहाला. श्यामसुंदर ऑफिसातून परत आले आहेत. चैताली लॅपटॉप घेऊन खाली आली आहे.)

चैताली : काकू, आय ॲम सो सॉरी. खरंच मला काही आयडिया नव्हती. मला मेसेज आला ना, तेव्हा वाटलं, झालं एकदाचं. मी नंबर चेकच केला नाही.

सरोजिनी : तू कशाला चेक करशील? तुझं काम दुसरं कोणीतरी करतंय म्हटल्यावर. बस. चहा टाकते. तुझा बिनसाखरेचा ना?

चैताली : हो. तुम्हाला कसं माहीत?

सरोजिनी : काकांनी सांगितलंय. चैताली साखर घेत नाही, बघ, किती शिस्त आहे. माझ्या चहात साखर किती, ते विचार त्यांना.

श्यामसुंदर : एक चमचा.

सरोजिनी : चार वर्षं झाली बंद करून.

चैताली : काका...

श्यामसुंदर : आपण अर्जाचं बघू या का? ऑफिसातला माणूस फार तिरकस निघाला. म्हणतो कसा, आजोबा, दुसऱ्याचं आपल्या नावावर करायला रोज माणसं येतात, आपलं दुसऱ्याच्या नावावर केलेले तुम्ही पहिलेच.

सरोजिनी : बरोबर बोलला. शहाणा माणूस आहे.

श्यामसुंदर : त्यांच्या दप्तरी आता फ्लॅट सातची ग्राहक चैताली आहे. त्यामुळे परत बदलायचं तर तिची संमती पाहिजे, नवा अर्ज पाहिजे, आणि नव्या नावाचा मालकीचा कागद पाहिजे.

सरोजिनी : म्हणजे माझ्या घरातला दिवा माझ्या घरी परत यायला हिची परवानगी.

चैताली : काकू, असं नका ना म्हणू. मी आत्ताच्या आत्ता साइन करते. हे बघा, संमतीपत्र मी घरूनच प्रिंट करून आणलंय. झाली सही. आता फॉर्म. मी टाइप करते, काका, नंबर तुम्ही बघून सांगा हां, पाठ नको.

श्यामसुंदर : सांगतो, सांगतो. बिलावरून सांगतो.

चैताली : ओके. नंबर झाला. पत्ता तोच. आता नवीन ग्राहकाचं नाव. काकू, तुमचं घालू?

श्यामसुंदर : अगं, नाही, तसं नाही...

चैताली : का? बदलतोच आहोत तर काकूंचं घालू या. नाइस वाटेल. सरोजिनी श्यामसुंदर आगाशे.

सरोजिनी : चैताली, तू माझी वकिली करू नकोस. मी तुला वकीलपत्र दिलेलं नाही.

चैताली : सॉरी. मला वाटलं...

श्यामसुंदर : तसं होत नाही गं. मालकीचा कागद लागतो. इंडेक्स टूवर जे नाव असेल तेच घालता येतं.

चैताली : हो, मग? काकूंचं नाव नाहीये इंडेक्स टूवर?

श्यामसुंदर : त्या वेळी कर्ज माझ्या खात्यातून मिळालं होतं. म्हणून घर माझ्या एकट्याच्या नावावर घेतलं. तशीच पद्धत होती तेव्हा.

सरोजिनी : सगळंच सांगा ना. तुमचा पगार हप्त्यात जायचा. मग चूल कोणाच्या पगारावर पेटायची? कर्वे रोडच्या शाळेत एकवीस वर्षं संस्कृत शिकवलं मी. रामः रामौ रामाः. दोन्ही मुलं त्यावर वाढली. पण धान्याच्या पिशवीचा इंडेक्स टू निघत नाही.

चैताली : मला माहीत नव्हतं, काकू. मी सहज बोलले. म्हणजे आमचं...

सरोजिनी : तुमचं काय?

चैताली : काही नाही.

सरोजिनी : सांग ना. तुझं नाव कसं आलं तुझ्या कागदावर? तूही भरलेस का पैसे?

चैताली : नाही. मी तेव्हा घरीच होते, शौनक लहान होता. अवधूतनंच सगळं केलं. मला तर माहीतही नव्हतं. रजिस्ट्रेशनला बरोबर चल म्हणाला, मला वाटलं साक्षीदार म्हणून. तिथे त्या साहेबांनी माझा अंगठा मागितला, तेव्हा कळलं की नाव दोघांचं आहे. आणि माझं पहिलं.

श्यामसुंदर : पहिलं?

चैताली : हो. मी त्याला विचारलं, असं का रे? तर म्हणाला, अल्फाबेटिकली लावलंय. खोटं होतं ते. अ आधी येतो.

श्यामसुंदर : चांगला होता अवधूत.

सरोजिनी : चहा निवतोय, घे. चैताली, एक सांगू? राग मानू नकोस. दोन वर्षं मला तुझा हेवा वाटतोय. हे वर गेले की मी घड्याळ बघत बसायचे. तुझा नळ, तुझा गिझर, तुझी मुन्सिपालटीची पावती. मला वाटायचं, माझा नवरा उठून तुझी कामं करतो, म्हणून मला पोटात दुखतंय.

चैताली : काकू, खरंच तसं काही नाही हो. काका वर येऊन बसतात ते पेपर वाचतात आणि झोपतात.

सरोजिनी : मला ठाऊक आहे. ह्यांच्यात तेवढी धमक नाही. मला हेवा ह्यांच्यामुळे वाटत नव्हता, हे मला आत्ता कळलं. तुझा नवरा नाही राहिला, तरी तुझा हेवा वाटतो, बघ. असं वाटू नये, पण वाटतो.

श्यामसुंदर : सरोजिनी, पोरीला असं काय बोलतेस?

चैताली : बोलू द्या, काका. असू दे. तर... फॉर्म. नाव मग काकांचंच घालते. श्यामसुंदर गोविंद आगाशे. आता सबमिट करते.

सरोजिनी : थांब.

चैताली : काय झालं? स्पेलिंग चुकलं?

सरोजिनी : ते दाबू नकोस. राहू दे आहे तसं.

श्यामसुंदर : आहे तसं म्हणजे?

सरोजिनी : म्हणजे बिलावर चैतालीचं नाव राहू दे. या घरात बाईचं नाव एकदा आलंय, चुकून का होईना. ते काढून पुन्हा तुमचं घालायचं, त्यासाठी मी सही बघत बसणार नाही.

श्यामसुंदर : काहीतरीच काय? सोसायटीत लोक काय म्हणतील? आगाशांच्या घराचं बिल देवस्थळीबाईंच्या नावे?

सरोजिनी : जे मी मंगळवारपासून म्हणतेय तेच म्हणतील. दर महिन्याला बिल आलं की तुम्ही ते उघडा आणि मोठ्यानं वाचा. मी ऐकीन.

श्यामसुंदर : हा हट्ट आहे.

सरोजिनी : आहे. या घरात मी केलेला पहिला. चांगला टिकाऊ करते.

चैताली : काका, एक विचारू? काकूंचं नाव आत्ताही लावता येतं ना घराला? गिफ्ट डीड असतं. नवऱ्याला घरातला हिस्सा बायकोच्या नावे करून देता येतो. माझ्या ऑफिसमधल्या एकीच्या सासऱ्यांनी केलं.

श्यामसुंदर : बक्षीसपत्र.

चैताली : तेच. मग इंडेक्स टूवर काकू येतील आणि हा फॉर्म आपण काकूंच्या नावानंच भरू.

श्यामसुंदर : त्याला कागद काय काय लागतात? बघ बरं तुझ्या लॅपटॉपवर.

सरोजिनी : तिला नका विचारू.

श्यामसुंदर : मग कोणाला विचारू?

सरोजिनी : आतल्या कपाटात, माझ्या साड्यांच्या खाली निळी फाइल आहे. त्यात सगळी यादी आहे. वकिलांचा नंबर आहे. मसुदा पण करून घेतलेला आहे, फक्त तारीख आणि तुमची सही राहिली आहे.

श्यामसुंदर : कधी केलंस हे?

सरोजिनी : सहा वर्षं झाली.

श्यामसुंदर : सहा वर्षं? आणि एका शब्दानं बोलली नाहीस? मला सांगायचं ना, सरोजिनी.

सरोजिनी : चैतालीला कुठे सांगावं लागलं होतं अवधूतला?