जावेसाठी केलेली प्रार्थना

धडगावच्या जीपमध्ये, ती भरायची वाट बघत, ममता दाराशी बसली होती. तिच्या पलीकडे प्रार्थनासभेहून आलेल्या दोघी बायका सरकून बसल्या.

"सिंधुमावशी, रविवारी प्रभुभोजनाच्या भाकरीला मी हात लावणार नाही."

"का गं फुली?"

"ती घ्यायच्या आधी मनातलं पाप शोधा म्हणतात ना पास्टर? शोधतेय, सापडत नाही. पण टोचतंय."

"कुणावर राग?"

"जावेवर होता. पण आज तर तिच्यासाठीच मोठ्यानं प्रार्थना केली. रडलेसुद्धा."

"हो, ऐकलं. तिची दारू सोडव म्हणालीस. आम्हाला कुणाला ठाऊकच नव्हतं."

"कुणालाच नव्हतं. शेतात माझ्या गळ्यात पडून तिनं मला एकटीला सांगितलं होतं."

ड्रायव्हरनं जीप सुरू केली.

"मावशी, आमेन म्हणताना मी डोळा किलकिला करून बघितलं. तिचं तोंड कसं झालंय ते."

"प्रभूजवळ माफी माग, बाई."

"मागेन की. पण मान खाली घालून तीच बसली होती ना... ओ भाऊ, थांबा! मला उतरू द्या. ती अजून तिथंच सभेच्या चहाची भांडी घासतेय."

ममतानं गुडघे आवळून वाट दिली.