मागच्या सीटवरून

मुरुडच्या पेट्रोल पंपावर हेमाली स्कूटर घेऊन रांगेत उभी होती. तिच्या पुढे मोटरसायकलवर साठीच्या एक बाई होत्या आणि त्यांचे थोरले भाऊ हँडल धरून उभे होते.

“कुमुद, तळा गावाला एसटी जाते की!”

“ती हमरस्त्यानं जाते, दादा. मला आतल्या रस्त्यांनी जायचंय, गावागावांतून.”

“मग अजेयला घे बरोबर.”

“म्हणजे गाडी तो चालवणार. शाळेत तू सोडायचास, लग्नानंतर हे, आता मुलगा. सगळा जन्म मागच्या सीटवर गेला माझा.”

“त्या रस्त्याला खड्डे किती! पडलीस तर?”

“शिकताना चारदा पडले, चारदा उठले. तुम्हाला कुणाला कळलं तरी का?”

“या वयात हे! लोक काय म्हणतील?”

“या मागे उभ्या आहेत ना, त्यांनाच विचार.”

दादा वळले. हेमाली क्षणभर गडबडली.

“काका, हँडल सोडा. त्यांचा नंबर आलाय.”

दादांनी हात काढला. टाकी भरली, गाडी सुरू झाली.

“पोचलीस की फोन तरी कर गं!”

“नाही करणार. परत आले की घरी येऊन सांगेन.”